जून २०२६ ची मुदत आणि घरातला स्टोरेज सर्व्हर: बूटलोडर अपडेट करताना फोटो जातात का?

कॉम्प्युटर सुरू होताना कोणत्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचा, हे ठरवणारी मायक्रोसॉफ्टची तीन जुनी प्रमाणपत्रं २०२६ मध्ये मुदतबाह्य होतात. पहिल्याची तारीख २४ जून, दुसऱ्याची २७ जून आणि तिसऱ्याची १९ ऑक्टोबर. तिन्ही २०११ मध्ये दिलेली आहेत. त्यांच्या जागी २०२३ ची नवी प्रमाणपत्रं आली आहेत आणि गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या कोट्यवधी मशिनवर ती पोहोचवण्याचं काम चालू आहे.

या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक विंडोज लॅपटॉपबद्दल. लॅपटॉपचं फारसं बिघडणार नाही, कारण अपडेट त्याच्याकडे आपोआप येतं आणि तो रोज कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असतो. अडचण आहे ती कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेल्या त्या खोक्याची, जो एकदा सुरू केल्यावर वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि ज्यात घरातले सगळे फोटो आहेत. घरगुती स्टोरेज सर्व्हर. त्यातही तो व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवलेला असेल, तर त्याचा बूटलोडर अपडेट करणं हे नाजूक काम आहे. ते का, आणि त्यात खरा धोका कुठे आहे, ते समजून घेऊ.

हे खोकं घरात आलं कुठून?

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली. त्यानंतर १५ जीबीची मर्यादा आली आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच मोजलं जाऊ लागलं. एका लग्नाच्या व्हिडिओतच ती जागा संपते. दरमहा पैसे भरण्याऐवजी घरीच डिस्क लावावी, असं अनेकांना तेव्हा वाटायला लागलं.

दुसरं कारण जुन्या कॉम्प्युटरचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ न पेलणारी मशिन कंपन्यांनी काढून टाकली आणि ती सेकंडहँड बाजारात आली. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलं की असे ऑफिसातून निघालेले छोटे डेस्कटॉप दिसतात. त्यातलं एक घ्यायचं, दोन मोठ्या हार्ड डिस्क लावायच्या, त्यावर प्रॉक्समॉक्ससारखं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्याच्या आत एक व्हर्च्युअल मशिन, म्हणजे व्हीएम, बनवून त्यात स्टोरेजची यंत्रणा चालवायची. एकाच डब्यात फोटोंचा सर्व्हरही चालतो, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही आणि पोराचे प्रयोगही.

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातलं सोनारी घ्या. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे हे गाव आजूबाजूच्या जिल्ह्यांत माहीत आहे. या भागातल्या अनेक गावांसारखीच इथलीही माणसं कामासाठी पुण्याला गेलेली. समजा, अशा एका कुटुंबाचा सर्व्हर गावच्या घरी आहे. फोटो काढणारे फोन दोन्हीकडे आणि डिस्क एकाच जागी. यात्रेचे व्हिडिओ, आजोबांच्या कृष्णधवल फोटोंची स्कॅन, खरेदीखतं, शेताच्या जुन्या नोंदी, सगळं त्यात. यातला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उद्या गेला तर महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येईल. आजोबांचा फोटो कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही. पुढचं सगळं वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

बूटलोडर म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टरचं इंजिन ठणठणीत आहे, टाकीत डिझेल आहे, पण सेल्फ मारत नाही. ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि तरी त्याला काहीही झालेलं नसतं. बूटलोडर हा कॉम्प्युटरचा सेल्फ आहे. मशिन चालू केलं की मदरबोर्डवरचं फर्मवेअर आधी जागं होतं, ते बूटलोडर शोधतं, बूटलोडर ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा मेमरीत आणून ठेवतो आणि बाजूला होतो. काही सेकंदांचं काम. आकारानेही तो लहानच असतो.

म्हणजे बूटलोडरमध्ये तुमचे फोटो नसतात. तो बिघडला तर फोटो दिसेनासे होतात, पण ते डिस्कवर जसेच्या तसे असतात. हे इतकं ठासून सांगायचं कारण असं की 'सर्व्हर सुरू होत नाही' आणि 'डेटा गेला' या दोन गोष्टी घाबरलेल्या माणसाला एकच वाटतात. मग तो स्क्रीनवर जे बटण दिसेल ते दाबतो. बूटलोडरच्या भानगडीत डेटा जातो तो बहुतेक वेळा असा, माणसाच्या हातून.

व्हर्च्युअल मशिनमध्ये सर्व्हर असेल तर एकाच्या जागी दोन बूटलोडर असतात. खऱ्या मशिनचा एक, जो प्रॉक्समॉक्स किंवा व्हीएमवेअर सुरू करतो. त्याला आपण होस्टचा म्हणू. आणि दुसरा आतल्या व्हीएमचा, जो स्टोरेजची यंत्रणा सुरू करतो. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं दार. खोलीचं दार अडकलं तर वाड्यात उभं राहून ते उघडता येतं. दिंडी दरवाजाच अडकला तर सगळेच बाहेर.

मुदत संपली की मशिन बंद पडेल का?

नाही. प्रमाणपत्राच्या मुदतीची बातमी सोशल मीडियावर 'जूननंतर तुमचा कॉम्प्युटर चालू होणार नाही' अशी व्हायला फार वेळ लागत नाही, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं.

सिक्युअर बूट नावाची सोय असलेलं मशिन बूटलोडरवरची डिजिटल सही तपासतं. ती सही ओळखण्यासाठी फर्मवेअरमध्ये प्रमाणपत्रं साठवलेली असतात. बँकेत जशी सहीच्या नमुन्याची कार्डं असतात, तसं. अधिकारी निवृत्त झाला म्हणून त्याने आधी सही केलेली कागदपत्रं खोटी ठरत नाहीत. फर्मवेअरही साधारणपणे मुदतीची तारीख बघत बसत नाही. जुन्या सहीचा बूटलोडर २८ जूनलाही सुरू होतो आणि पुढच्या दिवाळीतही.

गाठ पडते ती पुढे. नवा बूटलोडर नव्या अधिकाऱ्याच्या सहीने येणार. ज्या मशिनमध्ये त्या सहीचा नमुनाच नाही, ते त्याला दारातून परत पाठवणार. म्हणजे जुनं मशिन जुन्याच बूटलोडरवर अडकून राहतं, आणि त्यात पुढे सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवता येत नाहीत. किंवा त्याहून वाईट म्हणजे, लिनक्सच्या नेहमीच्या अपडेटसोबत फक्त नव्या सहीचा बूटलोडर येतो, माणूस नकळत तो बसवतो, आणि पुढच्या रीस्टार्टला मशिन त्याला ओळखत नाही.

लिनक्सच्या बाजूला मायक्रोसॉफ्टची सही कशी आली, हा प्रश्न रास्त आहे. सिक्युअर बूट २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सर्वत्र आलं, तेव्हा बाजारातल्या जवळपास प्रत्येक पीसीमध्ये मायक्रोसॉफ्टचीच प्रमाणपत्रं होती. लिनक्सवाल्यांनी मग 'शिम' नावाचा एक छोटा दुवा बनवला आणि त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली. प्रॉक्समॉक्सही नोव्हेंबर २०२३ मधल्या ८.१ आवृत्तीपासून याच वाटेने सिक्युअर बूटला आधार देतं. थोडक्यात, विंडोजशी काडीचा संबंध नसलेला तुमच्या घरातला सर्व्हरही सुरू होताना रेडमंडच्या सहीवर चालतो. मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरचा कितीही अभिमान बाळगला तरी ही गोष्ट बदलत नाही.

आता दिलासा देणारा भाग. घरगुती सर्व्हरपैकी बऱ्याच जणांना या तारखांशी काही देणंघेणं नसेल. प्रॉक्समॉक्समध्ये नवी व्हीएम बनवताना आपण काही बदललं नाही, तर तिला जुन्या पद्धतीचं सीबायोस मिळतं. त्यात सिक्युअर बूट हा प्रकारच नाही. ट्रूनॅस बसवताना तर अनेकांना व्हीएममधलं सिक्युअर बूट मुद्दाम बंद करावं लागतं, नाहीतर ते सुरूच होत नाही. ज्यांच्या व्हीएममध्ये ते चालू आहे, त्यांच्यासाठी मात्र एक बारकावा आहे. व्हीएमचं फर्मवेअर आपली प्रमाणपत्रं एका छोट्या वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवतं. व्हीएम २०२१ मध्ये बनवली असेल तर त्या डिस्कवर २०११ चीच प्रमाणपत्रं आहेत, आणि होस्ट अपडेट केला म्हणून ती आपोआप बदलत नाहीत. ती वेगळी टाकावी लागतात.

सेकंडहँड मशिनच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. फर्मवेअरमधल्या मुख्य चावीचं अपडेट मशिन बनवणाऱ्या कंपनीच्या सहीशिवाय बसत नाही. दहा वर्षं जुन्या मॉडेलसाठी कंपनी ते काम करेलच असं नाही. लिनक्सवर 'एफडब्ल्यूअपडी' नावाची सोय ही अपडेट आणून देते, तिच्यात तुमच्या मॉडेलचं काही येतं का ते बघता येतं. नाही आलं, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाणपत्र हाताने टाकणं किंवा सिक्युअर बूट बंद करणं, हे दोनच मार्ग उरतात. माझं मत विचाराल तर, घरात एका जागी असलेल्या आणि बाहेरच्या जगाला थेट न उघडलेल्या सर्व्हरवर ते बंद करणं मोठं पाप नाही. बॅगेत घालून फिरवायच्या लॅपटॉपबद्दल मी असं म्हणणार नाही.

आधी काय काय घडलंय?

बूटलोडरच्या दुरुस्तीनेच मशिन आडवी झाल्याची उदाहरणं आहेत. २९ जुलै २०२० ला लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरमधली 'बूटहोल' नावाची त्रुटी जाहीर झाली. रेड हॅटने तातडीने दुरुस्ती दिली आणि ती बसवलेली काही मशिन सुरूच होईनात. कंपनीला लोकांना थांबा म्हणून सांगावं लागलं. रोगापेक्षा औषधाने माणूस खाटेला लागावा, तसं.

१३ ऑगस्ट २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या मासिक अपडेटने असाच गोंधळ घातला. जुने, असुरक्षित बूटलोडर बाद करणारी यादी त्यात होती. एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तिथे ती लागू होणार नाही, असं कंपनीने म्हटलं होतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती लागू झाली आणि लोकांच्या लिनक्सच्या जागी सुरक्षा धोरणाचं उल्लंघन झाल्याचा संदेश झळकला. त्याचा पूर्ण बंदोबस्त व्हायला २०२५ उजाडलं.

याच्या महिनाभर आधीचं, १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक प्रकरण अनेकांना आठवत असेल. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले होते. तिथे दोष बूटलोडरचा नव्हता, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या फाइलचा होता. पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशिन त्यात सापडली, आणि त्यातली पुष्कळशी मशिन पूर्ववत करायला कुणाला तरी प्रत्यक्ष त्या मशिनसमोर जाऊन बसावं लागलं. सोनारीतल्या सर्व्हरसाठी त्या घटनेतला महत्त्वाचा भाग हाच आहे. त्याकडे पुढे येऊच.

सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर, पण डबा दुसऱ्याचा

घरगुती सर्व्हरवाल्यांमध्ये एक मोठा गट असा आहे ज्यांच्यासाठी बूटलोडर अपडेट ही वर्षातून दोन-तीनदा येणारी परीक्षा असते, २०२६ असो वा नसो.

सिनॉलॉजी ही तैवानची कंपनी स्टोरेजचे तयार डबे विकते. तिची डीएसएम ही यंत्रणा लिनक्सवर आधारलेली आणि वापरायला फार सोपी आहे. फोनमधले फोटो आपोआप घेते, चेहरे ओळखून लावते, आईवडिलांनाही जमते. डबा मात्र महाग. त्यामुळे डीएसएम साध्या पीसीवर किंवा व्हीएममध्ये चालवण्याची एक चोरवाट तयार झाली. आधी 'जून' या टोपणनावाने कुणीतरी बनवलेला लोडर होता. डीएसएम ७ आल्यावर २०२१ मध्ये 'रेडपिल' आला आणि त्याच्यावर आधारित आणखी काही. हा लोडर डीएसएमला पटवून देतो की आपण सिनॉलॉजीच्याच डब्यात आहोत.

कंपनीच्या परवान्यात हे बसत नाही. डीएसएम तिच्याच उपकरणांवर चालवायची अट आहे. घरी शिकण्यासाठी वापरणाऱ्यावर कुणी पोलीस पाठवत नाही हे खरं, पण बिघडलं तर दाद मागायला जागाही नाही. लोडर बनवणारे टोपणनावाने वावरतात, मन रमेल तोवर काम करतात आणि एक दिवस दिसेनासे होतात. कुटुंबाच्या फोटोंची एकमेव प्रत अशा लोडरवर असू नये, असं मला ठामपणे वाटतं. दुसरी प्रत असेल तर ज्याचा तो मालक.

अधिकृत डबा घेतला म्हणजे सगळं निवांत, असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिनॉलॉजीने आपल्या नव्या प्लस मॉडेलमध्ये ठरावीक प्रमाणित डिस्कच चालतील असं जाहीर केलं. ग्राहक खवळले आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ बरोबर कंपनीला ती अट बरीचशी मागे घ्यावी लागली. व्हीएमवेअरचंही असंच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं मोफत ईएसएक्सआय बंद केलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा मोफत आवृत्ती दिली. मधल्या वर्षभरात घरगुती सर्व्हरवाले मोठ्या संख्येने प्रॉक्समॉक्सकडे वळले होते.

स्नॅपशॉट घेतला होता, तरी फसलं. कसं?

या विषयातली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबू.

व्हीएमचा मोठा फायदा सांगतात तो स्नॅपशॉटचा. अपडेटच्या आधी व्हीएमचं एक चित्र घेऊन ठेवायचं, बिघडलं की एका क्लिकवर मागे जायचं. ऐकायला उत्तम. पण स्टोरेजच्या व्हीएममध्ये फोटोंच्या मोठ्या डिस्क बहुतेक वेळा व्हर्च्युअल नसतात. डिस्कची स्थिती थेट कळावी म्हणून अख्खा साटा कंट्रोलरच व्हीएमच्या हवाली केलेला असतो. त्या खऱ्या डिस्क होस्टच्या नजरेआड असतात. स्नॅपशॉट फक्त व्हर्च्युअल डिस्कचा होतो, म्हणजे लोडर ज्यावर आहे त्या छोट्या डिस्कचा.

आता डीएसएमची रचना बघा. तिचा लोडर छोट्या डिस्कवर असतो, पण खुद्द डीएसएम प्रत्येक डेटा डिस्कच्या सुरुवातीच्या एका छोट्या कप्प्यात बसलेली असते, सगळ्या डिस्कवर सारखीच. अपडेट केलं की दोन जागा बदलतात: लोडरच्या डिस्कवरचा गाभा आणि डेटा डिस्कवरचा तो कप्पा. अपडेट फसलं म्हणून तुम्ही स्नॅपशॉटवर मागे गेलात. लोडर जुना झाला. कप्प्यातली डीएसएम नवीच राहिली. वरात मागे फिरली आणि नवरदेव मांडवातच राहिला.

जुना लोडर नव्या डीएसएमकडे बघतो, आकडे जुळत नाहीत, आणि ब्राउझरमध्ये एक पान येतं. कधी ते दुरुस्तीचा पर्याय देतं, कधी स्थलांतराचा, कधी सरळ नव्याने बसवायला सांगतं. पहिले दोन तुमचे फोटो ठेवतात. नव्याने बसवताना डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली, तर तिथे हात मागे घ्यायचा. त्या क्षणापर्यंत काहीही गेलेलं नसतं. व्हीएम बंद करा, नव्या डीएसएमशी जुळणारा लोडर तयार करून लावा, आणि बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. डीएसएमला मागच्या आवृत्तीवर नेण्याचा सरळ रस्ता नाही, म्हणून पुढे जाणंच सोपं पडतं.

ट्रूनॅसमध्ये ही अडचण नाही, कारण तिथे ऑपरेटिंग सिस्टीम पूर्णपणे वेगळ्या बूट डिस्कवर असते आणि जुनी आवृत्ती निवडून सुरू करायची सोय आतच असते. पण तिथेही एक एकेरी दार आहे. झेडएफएस पूल अपग्रेड करायची सूचना दिसते आणि लोकांना ती निरुपद्रवी वाटते. एकदा ती पाळली की जुन्या आवृत्तीला तो पूल वाचता येईलच याची हमी नाही. होस्टवरही हेच. ग्रबला झेडएफएसची नवी वैशिष्ट्यं समजत नाहीत. बूट होणाऱ्या पूलवर ती चालू केली की ग्रब आंधळा होतो. प्रॉक्समॉक्सने याचसाठी गाभा आणि बूटलोडर वेगळ्या, साध्या कप्प्यात ठेवायची पद्धत आणली आणि जुन्या मशिनसाठीही २०२१ पासून ती दिली. नवी आवृत्ती महिनाभर सुरळीत चालेपर्यंत पूल अपग्रेडला हात लावायची घाई कशालाच नाही.

मग व्हीएमचा फायदा काय? फायदा आहे, पण तो मागे जाण्यात कमी आणि रंगीत तालमीत जास्त आहे. होस्टवर दुसरी व्हीएम बनवा, तसाच लोडर, तेच मॉडेल, आणि फोटोंच्या डिस्कऐवजी ३२ जीबीची एक रिकामी व्हर्च्युअल डिस्क. तिच्यावर आधी जुनी आवृत्ती बसवा, मग अपडेट करून बघा. नेटवर्क मिळतंय का, रीस्टार्टनंतर उठतंय का. ती पडली तर काही गेलं नाही. साध्या डब्यात ही सोय नसते, त्यात पहिला प्रयोग थेट खऱ्या डेटावरच होतो. तालीम यशस्वी झाली की खरी व्हीएम बंद करून लोडरच्या छोट्या डिस्कची एक प्रत वेगळी ठेवायची आणि मगच पुढे जायचं. डीएसएमचं स्वयंचलित अपडेट तर अशा व्हीएमवर आधीच बंद असलं पाहिजे.

सर्व्हर सोनारीत, चालवणारा पुण्यात

आता आपल्या त्या कुटुंबाकडे परत. आतल्या व्हीएमचा बूटलोडर पुण्यातून अपडेट करता येतो का? येतो. व्हीएम अडकली तरी प्रॉक्समॉक्सच्या पानावर तिचा स्क्रीन दिसतो, जणू तुम्ही समोर बसला आहात. फक्त एक खबरदारी. गावच्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठीचं व्हीपीएन त्याच स्टोरेज व्हीएममध्ये चालवलेलं नसावं. नाहीतर व्हीएम बंद केली की तुम्हीही बाहेर. ते होस्टवर, राउटरवर किंवा वेगळ्या छोट्या व्हीएममध्ये हवं.

होस्टच्या बूटलोडरचं तसं नाही. दिंडी दरवाजा अडकला तर पुण्यातून काही दिसत नाही. मग कुर्डुवाडीपर्यंत रेल्वे, तिथून परंडा, तिथून सोनारी, आणि सोबत यूएसबी. किंवा फोनवरून वडिलांना सांगायचं की मॉनिटर लावा, काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काय आलंय ते वाचा. हे ज्याने एकदा केलंय तो दुसऱ्यांदा करत नाही. सर्व्हरसाठी बनवलेल्या महागड्या मदरबोर्डवर दूरून स्क्रीन बघण्याची वेगळी सोय असते. सेकंडहँड ऑफिस डेस्कटॉपवर ती क्वचितच मिळते.

वीज हा तर वेगळाच विषय. बूटलोडर लिहिला जात असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेला बूटलोडर उरतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात, पण साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर यायला लागणारा क्षणभराचा वेळ कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायला पुरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते कुठल्या बाजूला आहे हे अपडेटच्या आधी बघून घ्यावं. बटण नसेल तर सर्व्हरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. ढगाळ संध्याकाळी, वारं सुटलेलं असताना अपडेट सुरू करू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं, म्हणजे बॅकअप आहे, हा समज या क्षेत्रातला सगळ्यात महागडा. रेडमुळे एक डिस्क मेली तर सर्व्हर चालू राहतो. चुकून पुसलं, तर ते दोन्हीवरून एकाच क्षणी पुसलं जातं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा हिशोब इथे सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. सोनारी-पुणे कुटुंबाकडे दुसरं ठिकाण आयतंच आहे. एक यूएसबी हार्ड डिस्क गावी भरायची आणि पुण्याच्या कपाटात ठेवायची. गावातून शेकडो जीबी अपलोड करण्यापेक्षा एसटीच्या बॅगेतून डिस्क नेणं लवकर होतं. मात्र ती डिस्क नुसती ठेवून चालत नाही, ती लॅपटॉपला लावून त्यातले पाच-दहा फोटो उघडून बघायचे. आजोबांचा फोटो त्यात असायला हवा.

अपडेट करायचंच का?

चालतंय ते चालू द्या, हा सल्ला गावात आणि आयटी कंपनीत सारखाच लोकप्रिय आहे. थोडाफार बरोबरही आहे. सर्व्हर फक्त घरातल्या नेटवर्कवर आहे, व्हीएममध्ये सिक्युअर बूट नाही, लोडर आणि डीएसएम एकमेकांशी जुळलेले आहेत, तर केवळ नवा आकडा आला म्हणून लोडर बदलण्यात अर्थ नाही. अमुक तारखेच्या आत केलंच पाहिजे असं जूनच्या बातमीतही काही नाही.

पण सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल, बाहेरून लॉगिन होता येत असेल, तर जुनी यंत्रणा चालवत राहणं महागात पडतं. तिथे सुरक्षेची अपडेट हवीतच, आणि कधीतरी त्या अपडेटला नवा लोडर लागतोच. होस्टवर सिक्युअर बूट चालू असेल तर त्याची प्रमाणपत्रं आधी तपासावीत आणि मगच मोठं अपडेट घ्यावं. क्रम उलटा झाला की दारात नवा माणूस आणि आत त्याच्या सहीचा नमुना नाही, अशी अवस्था होते.

म्हणून कामाची वाटणी अशी करता येईल. आतल्या व्हीएमचं अपडेट पुण्यातून, तालीम करून, सकाळच्या वेळी. होस्टचं अपडेट मात्र यात्रेला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा, मॉनिटर-कीबोर्ड लावून, आणि परतीच्या गाडीच्या निदान दोन दिवस आधी. जुनी लोडर डिस्क महिनाभर तरी डिलीट करू नका, आणि तिच्या नावात तारीख व आवृत्ती लिहून ठेवा.